दुबईत आपले लोक कोणती कामं करतात, आणि जिनिंगमधल्या इलेक्ट्रिशियनला त्यातलं कोणतं जमेल?

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार भाऊंचा आहे. मुलगा दहावीनंतर आयटीआय इलेक्ट्रिशियन झालाय. हंगामात जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात असतो, एरवी गावातल्या मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करतो. तालुक्याच्या गावातला एक ओळखीचा म्हणतो, "दुबईत १२०० दिरहॅम पगार, राहणं फुकट, फक्त १ लाख २० हजार भरा." त्यासाठी वावर गहाण ठेवायचं घरात चाललंय. दुबईत आपली माणसं नेमकी कोणती कामं करतात, मुलाला कोणतं मिळेल आणि एवढे पैसे द्यावेत का, असं त्यांनी विचारलंय.

पैशाचं आधी सांगतो, भाऊ. एवढे देऊ नका, आणि वावराला तर हातच लावू नका. परदेशी नोकरीसाठी सरकारकडे नोंदणी असलेल्या एजंटला तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाला परदेशी भरती करताच येत नाही. "मी मुंबईच्या एजंटचा माणूस आहे" असं म्हणणारा तालुक्याचा दलाल त्या कायद्यात कुठेच बसत नाही. शिवाय दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात भरतीचा खर्च मालकाच्या अंगावर टाकलाय, कामगाराकडून तो वसूल करायला मनाई आहे.

आता कामांचं. दुबईत भारतीय माणूस तेलाच्या आधीपासून आहे. सिंधमधल्या ठट्ट्याचे भाटिया व्यापारी मोत्यांच्या आणि कापडाच्या धंद्यासाठी तिथे स्थिरावले होते. १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात आपल्याच रिझर्व्ह बँकेचा रुपया चालायचा. त्याच साली दुबईच्या समुद्रात तेल सापडलं, पुढे रशीद बंदर आणि जेबेल अलीचं बंदर उभं राहिलं, आणि गवंडी, फिटर, वेल्डर, ड्रायव्हर यांची मागणी सुरू झाली. आज संयुक्त अरब अमिरातीत ३५ लाखांहून अधिक भारतीय आहेत. पण कोण कोणत्या कामात आहे हे कसबावर कमी आणि ओळखीवर जास्त ठरतं. दुबईतल्या बर दुबई भागातल्या मीना बाजारातलं कापड सिंध्यांकडे, देरा भागातल्या सोन्याच्या बाजारात गुजराती पेढीवाले आणि बंगाली कारागीर. किराणा, चहाची कॅफेटेरिया, दवाखान्यातल्या नर्स आणि हिशेबनीस यांत मल्याळी माणूस. अवजड ट्रकवर पंजाबी. शटरिंग, सळई बांधणी आणि पाइपलाइनच्या वेल्डिंगवर उत्तर प्रदेश-बिहारचे लोक, गवंडीकाम आणि सुतारकामावर राजस्थानातल्या शेखावाटीचे. आपल्या सिरोंच्याच्या पलीकडच्या तेलंगणातून, करीमनगर-निजामाबादकडून, गावंच्या गावं मजुरीला गेलेली आहेत. रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम घरांतली पोरं मामा-काकांच्या मागोमाग तीन-चार पिढ्या जात आहेत.

विदर्भाचं जाळं तिथे जवळजवळ नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. मल्याळी पोराचा काका त्याच कंपनीत फोरमन असतो. कंपनी पगार वेळेवर देते का, कामगारांच्या कॅम्पात पाणी येतं का, हे तो निघायच्या आधीच सांगतो. आपल्या पोट्ट्याला हे सांगणारं कोणी नाही. त्या रिकाम्या जागेत दलाल शिरतो आणि ओळखीचेच पैसे मागतो. ती जागा दोनच गोष्टींनी भरता येते: तपासता येईल असा कागद, आणि परीक्षकासमोर करून दाखवता येईल असं काम.

तुमच्या मुलाच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. जिनिंगमध्ये काम केलेला इलेक्ट्रिशियन फक्त घरगुती वायरिंग करणारा नसतो. डीओएल (मोटर थेट सुरू करणारा) आणि स्टार-डेल्टा (आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारा) स्टार्टर, पॅनल, थ्री फेज मोटर, रुईच्या धुळीत तापणारे बेअरिंग हे सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं असतं. तिथल्या इमारतींत पंप, पंखे, चिलर (मोठ्या एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) सगळीकडे हेच आहे. त्यामुळे त्याने "हेल्पर" म्हणून जाऊच नये. एकदा करारात आणि व्हिसावर हेल्पर लिहिलं गेलं की साइटवर काम इलेक्ट्रिशियनचं करून घेतात आणि पगार हेल्परचा मिळतो. दुबईत हेल्परला साधारण ८०० ते १००० दिरहॅम, इलेक्ट्रिशियनला १२०० ते १८००, एसी टेक्निशियनला १३०० ते २०००, आणि ६जी (तिरक्या पाइपच्या वेल्डिंगची अवघड परीक्षा) पास वेल्डरला त्याहून बरे मिळतात. हे आकडे कंपनीप्रमाणे हलतात, कारण तिथे परदेशी कामगारांसाठी कायद्याने ठरवलेलं किमान वेतन नाही. म्हणूनच करारात लिहिलेला आकडा हाच काय तो आधार.

भरतीच्या आधी ट्रेड टेस्ट, म्हणजे हाताच्या कामाची परीक्षा होते, बहुतेक मुंबईत. आपल्याकडची मुलं तिथे कुठे अडकतात ते नीट सांगतो. पहिली गोष्ट डिस्ट्रिब्यूशन बोर्ड. तिथे प्लगचे सर्किट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट कुठे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) आणि दिव्यांचे वेगळ्या आरसीसीबीवर घेतलेले असतात. आपल्या गावाकडे सगळे न्यूट्रल एकाच लिंकवर पिळून टाकायची सवय आहे, आणि त्यावर घर वर्षानुवर्षं चालतंही. तिथे प्रत्येक आरसीसीबीची स्वतःची न्यूट्रल पट्टी असते. प्लगचा न्यूट्रल चुकून दिव्यांच्या पट्टीवर गेला तर करंट एका आरसीसीबीतून बाहेर पडतो आणि परत येतो दुसऱ्यातून. दोघांनाही आवक-जावक जुळत नाही, आणि लोड टाकला की ट्रिप. नुसता सप्लाय दिला तर काहीच दिसत नाही, म्हणून मुलाला वाटतं बोर्ड बरोबर झाला. परीक्षक इस्त्री किंवा दिवा लावून बघतो आणि तिथेच नापास करतो. घरी आठ सर्किटांचा एक बोर्ड आणि दोन आरसीसीबी आणून हे दहा वेळा बांधावं आणि मुद्दाम चुकवून ट्रिप होताना बघावं.

दुसरी गोष्ट आर्मर्ड केबलचं, म्हणजे आत पोलादी तारांचं चिलखत असलेल्या केबलचं ग्लँड, केबल पेटीला घट्ट बसवायचा जोड. आर्मरच्या तारा सारख्या लांबीच्या कापून ग्लँडच्या शंकूवर चहूबाजूंनी पसरवाव्या लागतात, मग नट आवळायचा. दोन-चार तारा शंकूखाली न जाता बाहेर राहिल्या तर ग्लँड वरून छान दिसतं, पण केबलची पकड आणि आर्मरची अर्थिंग दोन्ही कच्ची राहते. परीक्षक केबल ओढून बघतो.

तिसरी गोष्ट तुमचा मुलगा छान करेल, पण ती तोंडाने सांगता आली पाहिजे: स्टार-डेल्टामधला ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा. मोटर १५ किलोवॅटची, पूर्ण लोडचा करंट २८ अँपिअर असेल, तर वाइंडिंगच्या वाटेत बसवलेला रिले २८ वर लावायचा नाही. डेल्टात एका वाइंडिंगमधून लाइन करंटच्या ०.५८ पटच जातो, म्हणून रिले १६ च्या आसपास. जिनिंगमध्ये हंगामाच्या गर्दीत रिले ट्रिप होतो म्हणून तो वाढवून ठेवतात. तीच सवय टेस्टमध्ये दिसली तर या माणसाच्या हातात मोटारी जळतील, असा परीक्षक अर्थ काढतो. सोबत मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, वापरता आला पाहिजे. सप्लाय बंद, इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवलेली, मग ५०० व्होल्ट डीसीवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ, आणि वाचन १ मेगोहमच्या खाली असेल तर सर्किट चालू करायचं नाही. प्लग तिथे आपल्यासारखे गोल पिनचे नसतात, चौकोनी पिनचे १३ अँपिअरवाले असतात आणि आत फ्यूज असतो. ते आधी हाताळून बघावेत. साइटवरची बोलीभाषा बहुतेक हिंदीच असते, पण ड्रॉइंग, सूचना-पाट्या आणि परमिट इंग्रजीत असतात. सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा एकेका रेषेत काढलेला नकाशा) वाचता येणं हे इंग्रजी बोलता येण्यापेक्षा मोलाचं.

त्याची तयारी असेल तर माझा सल्ला असा, की जाण्याआधी चार-सहा महिने नागपुरात एखाद्या चांगल्या एसी सर्व्हिस दुकानात काढावेत. इलेक्ट्रिशियन आणि एसी दोन्ही येणाऱ्याला तिथल्या इमारत देखभालीच्या कंपन्या पसंती देतात, आणि देखभालीचं काम बहुतेक सावलीतलं असतं. आपल्या भागात कूलर दुरुस्त करणारे ढिगाने आहेत, पण तो अनुभव दुबईत उपयोगाचा नाही. समुद्रकाठची हवा दमट असल्याने कूलर तिथे थंडच करत नाही. तिथे स्प्लिट, डक्टेड आणि चिलर चालतात. शिकायचं ते हे: फ्लेअरिंग (तांब्याच्या पाइपाचं तोंड पसरवणं), नायट्रोजन सोडत ब्रेझिंग (पाइपाचे जोड डाखणं), नायट्रोजनने गळती तपासणी, आणि गॅस भरण्याआधी पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्यूम. "थोडा गॅस सोडून हवा काढतो" ही इथली पद्धत तिथे चालत नाही, कारण पाइपात राहिलेली ओल तेलाशी मिसळून कॉम्प्रेसर खाते.

बाकीच्या कामांबद्दल थोडक्यात. सुरक्षारक्षकाला दुबईत सरकारी प्रशिक्षण आणि परवाना लागतो, कामचलाऊ इंग्रजी लागतं, आणि ड्यूटी बहुतेक बारा तासांची. ड्रायव्हर म्हणून जायचं तर आपल्या लायसन्सवर तिथे व्यावसायिक गाडी चालवता येत नाही. दुबईचं लायसन्स काढायला काही हजार दिरहॅम मोडतात, ते कोण भरणार हे आधी लेखी घ्यावं. मोटारसायकलवरची डिलिव्हरी मोबाइलवर फार आकर्षक दाखवतात. तिथे कमाई ऑर्डरवर, बाइकचा आणि दंडाचा भार बऱ्याचदा चालवणाऱ्यावर, आणि अपघाताचा धोका रोजचा. हाताला इलेक्ट्रिकचं कसब असलेल्या पोराने तिकडे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता "१२०० दिरहॅम" या आकड्याकडे या, कारण खरी फसगत इथे होते आणि ती कायद्याच्या चौकटीत राहून होते. करारात पगाराचे दोन तुकडे असतात, मूळ पगार आणि भत्ते. ओव्हरटाइम आणि नोकरी सोडतानाची ग्रॅच्युइटी या दोन्ही गोष्टी मूळ पगारावरच मोजतात. समजा एक करार १००० मूळ अधिक २०० भत्ता, दुसरा ७०० मूळ अधिक ५०० भत्ता. दोन्ही १२०० चेच. दिवसाचे आठ तास धरले तर पहिल्यात तासाचा मूळ दर ४.१७ दिरहॅम, ओव्हरटाइमचा सव्वापट ५.२१. दुसऱ्यात २.९२ आणि ३.६५. रोज दोन तास, महिन्याचे २६ दिवस म्हणजे ५२ तास. पहिला माणूस ओव्हरटाइमचे २७१ मिळवतो, दुसरा १९०. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते, म्हणजे एकाला वर्षाचे ७००, दुसऱ्याला ४९०. वर्षाचे अकरा महिने ओव्हरटाइम धरून पाच वर्षांत फरक साडेपाच हजार दिरहॅमवर जातो. २३ रुपयांच्या भावाने सव्वा लाखाच्या वर. तुमच्याकडे मागितलेल्या रकमेएवढं नुकसान त्या एका ओळीत लपलेलं असतं. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न "पगार किती" असा नको, "मूळ पगार किती" असा हवा.

कामाचे तास कायद्याने दिवसाला आठ, आठवड्याला ४८. ओव्हरटाइम दिवसाला दोन तासांपर्यंत. रात्री १० ते पहाटे ४ मधल्या ओव्हरटाइमला दीडपट, शिफ्टची ड्यूटी सोडून. परीक्षाकाळ सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही. एक वर्ष पूर्ण झालं की ३० दिवसांची भरपगारी सुटी. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावरचं काम बंद. पगार बँकेमार्फतच, त्याला तिथे डब्ल्यूपीएस म्हणतात. रोख देतो म्हणणाऱ्या मालकापासून लांब राहावं. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदेशीर आहे.

महिन्याला हातात काय उरेल? १२०० आणि ओव्हरटाइमचे २७१ धरले, त्यातून मेसचे सुमारे ३००, फोन-साबण-कटिंगचे १०० गेले, तर हजार-अकराशे मागे पडतात. म्हणजे घरी २३ ते २५ हजार रुपये. पण ओव्हरटाइम दर महिन्याला मिळतोच असं नाही, आणि पहिला पगार हातात यायला दीड-दोन महिने लागतात. सावकाराचे १ लाख २० हजार महिना ३ टक्क्यांनी घेतले असतील तर व्याजच ३,६०० रुपये महिना, आणि ते पोरगा विमानात बसायच्या आधी सुरू होतं. असं कर्ज डोक्यावर असलेला मुलगा वाईट कंपनीतूनही परत येऊ शकत नाही. वावर ठेवू नका म्हणतो ते यासाठी.

कागदांचा क्रम असा. पासपोर्टवर नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरलेले हवेत. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर अमिरातीचा व्हिसा अडतो. दहावीची सनद, आयटीआयचं प्रमाणपत्र आणि आधार यांवरचं स्पेलिंग एकच असावं. मुलगा दहावी पास असल्याने त्याच्या पासपोर्टला उत्प्रवास मंजुरीची, म्हणजे नोकरीला बाहेर जाताना सरकारची परवानगी घ्यायची अट लागणार नाही. तिची दुसरी बाजू अशी, की मंजुरी घेताना सक्तीने निघणारा प्रवासी भारतीय विमा त्याचा आपोआप निघणार नाही. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण, दोन वर्षांसाठी हप्ता २७५ रुपये, असा तो विमा आहे. तो किंवा तसाच दुसरा विमा विचारून काढा. दहावी नापास असलेल्या, म्हणजे ईसीआर (ही मंजुरी लागणारा) पासपोर्ट असलेल्या पोरांनी तर मंजुरीशिवाय विमानतळावर जाऊच नये.

जिनिंगच्या मालकाकडून लेटरहेडवर अनुभवपत्र घ्या. त्यात "इलेक्ट्रिशियन" हा शब्द, कधीपासून कधीपर्यंत, आणि कोणत्या पॅनल-मोटारींवर काम केलं हे असावं. छातीचा एक्स-रे आधी जिल्हा रुग्णालयात काढून घ्या. लहानपणी क्षय होऊन गेला असेल आणि डाग राहिला असेल तर वैद्यकीय तपासणीत अडचण येते, आणि ते पैसे भरल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

एजंटचा नोंदणी क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरच्या सक्रिय एजंटांच्या यादीत स्वतः शोधा. दलालाने मोबाइलवर दाखवलेला फोटो पुरावा नव्हे. मग ऑफर लेटर. अमिरातीच्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर कामगाराला कळणाऱ्या भाषेतही देतात. त्या भाषांत मराठी नाही, पण हिंदी आहे, म्हणून हिंदी प्रत मागा. त्यात कंपनीचं नाव, हुद्दा, मूळ पगार, भत्ते आणि व्यवहार क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कागद खरा आहे का ते बघता येतं. सही ऑफर लेटरवर आणि नंतरच्या करारावर एकाच मजकुराखाली झाली पाहिजे.

"आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो" हे वाक्य ऐकलं की उठून यावं. त्या व्हिसावर काम करणं गुन्हा आहे, मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिरहॅम दंड चढतो, आणि पगार बुडाला तर दाद मागायला करारच नसतो. बरोबर रस्ता म्हणजे नोकरीचा प्रवेश परवाना, तिथे उतरल्यावर तपासणी आणि बोटांचे ठसे, मग एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) आणि सहसा दोन वर्षांचा निवास व्हिसा. हा खर्च कंपनीचा.

निघण्याआधी पासपोर्ट, ऑफर लेटर, प्रवेश परवाना आणि एजंटची पावती यांच्या झेरॉक्स घरी ट्रंकेत ठेवा, आणि मुलाच्या मोबाइलमध्येही फोटो असू द्या. पगार ठरल्या तारखेनंतर १५ दिवसांत जमा झाला नाही तर त्याने गप्प बसू नये. तिथल्या मंत्रालयाच्या ६००५९०००० या क्रमांकावर तक्रार होते, आणि ५०,००० दिरहॅमपर्यंतच्या दाव्यावर मंत्रालय स्वतःच निर्णय देतं. भारत सरकारचं सहाय्यता केंद्रही दुबईत आहे, त्याचा फुकट क्रमांक ८००४६३४२, तिथे हिंदीत बोलता येतं. हे दोन्ही क्रमांक पोराच्या पाकिटात कागदावर लिहून द्या, कारण मोबाइलचा रिचार्ज नेमका अशाच वेळी संपलेला असतो.